फ्रान्सचे चौथे प्रजासत्ताक

फ्रान्सचे चौथे प्रजासत्ताक : (२७ ऑक्टोबर १९४६–४ ऑक्टोबर १९५८). दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये प्रस्थापित झालेली संसदप्रधान शासनव्यवस्था. सु. बारा वर्षांच्या कालावधीत या प्रजासत्ताकात वीसहून अधिक मंत्रिमंडळे झाली. त्यामुळे राजकीय अस्थैर्याचे उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख नेहमी करण्यात येतो. तथापि याच काळात युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशाची आर्थिक पुनर्रचना झाली, सामाजिक सुरक्षेची व्यवस्था रुजली आणि यूरोपीय एकीकरणाचा पाया घातला गेला. प्रशासन कार्यक्षम ठरत असताना राज्यकर्त्यांवरील लोकांचा विश्वास मात्र घटत गेला, ही या प्रजासत्ताकाच्या इतिहासातील लक्षणीय विसंगती होय. वसाहतींचे साम्राज्य लयास जात असलेल्या जगात फ्रान्सने कोणती भूमिका घ्यावी, याचा निर्णय करून त्याची जबाबदारी पत्करणारे टिकाऊ बहुमत संसदेत निर्माण होऊ शकले नाही. या विसंगतीचे व प्रजासत्ताकाच्या अखेरचेही मूळ त्यात आढळते.

संविधानाची घडण : जुलै १९४० मध्ये जर्मनीकडून झालेल्या पराभवानंतर फ्रेंच संसदेने मार्शल पेतँ यास सर्वाधिकार दिले आणि तिसरे प्रजासत्ताक संपुष्टात आले. १९४४ मध्ये देश मुक्त झाल्यावर जनरल शार्ल द गॉल याच्या नेतृत्वाखाली हंगामी शासन स्थापन झाले. २१ ऑक्टोबर १९४५ रोजी घेतलेल्या सार्वमतात सु. ९६ टक्के मतदारांनी जुन्या संविधानाकडे परत जाण्यास नकार दिला. राष्ट्रीय पातळीवरील मतदानात फ्रेंच स्त्रियांनी भाग घेण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

नव्या व्यवस्थेचे स्वरूप कसे असावे, याविषयी मात्र एकमत नव्हते. प्रबळ कार्यकारी सत्तेचा पुरस्कर्ता असलेला द गॉल पक्षांच्या वर्चस्वास कंटाळून जानेवारी १९४६ मध्ये पदत्याग करून बाहेर पडला. संविधानसभेने तयार केलेला पहिला मसुदा मतदारांनी मे १९४६ मध्ये फेटाळला. दुसरा मसुदा १३ ऑक्टोबर रोजी संमत झाला. परंतु नोंदणी झालेल्या मतदारांपैकी जेमतेम ३६ टक्क्यांनी त्यास अनुकूल मत दिले, जवळजवळ तितक्यांनीच विरोध केला आणि सु. एकतृतीयांश मतदार मतदानास आलेच नाहीत. अशा रीतीने या प्रजासत्ताकाचा आरंभच दुबळ्या संमतीवर झाला.

शासनयंत्रणा : संविधानानुसार सत्तेचे केंद्र राष्ट्रीय सभा हे कनिष्ठ सभागृह होते. ‘प्रजासत्ताक परिषद’ या वरिष्ठ सभागृहास मर्यादित अधिकार होते. राष्ट्राध्यक्षाची निवड संसद करी. व्हँसां ऑर्योल (१९४७–५४) व रने कॉती (१९५४–५९) या दोघांनी हे पद भूषविले. कॉती याची निवड होण्यास डिसेंबर १९५३ मध्ये मतदानाच्या तेरा फेऱ्या घ्याव्या लागल्या. संसदेतील पक्षोपपक्षांची स्थिती त्यावरून ध्यानात येते.

पंतप्रधानाने प्रथम राष्ट्रीय सभेची संमती मिळवावी व नंतर मंत्रिमंडळ बनवावे, अशी तरतूद होती. पहिला पंतप्रधान पॉल रामाद्ये याने १९४७ मध्ये मंत्रिमंडळ बनविल्यावर सभेकडून पुन्हा संमती घेण्याचा पायंडा पाडला. त्यामुळे मंत्रिपदांच्या वाटपावरील सौदेबाजीस वाव मिळाला. एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक मतांनी पराभव झाला, तरच मंत्रिमंडळाने राजीनामा देणे संविधानानुसार बंधनकारक होते; परंतु साध्या बहुमताने पराभव झाला किंवा आघाडीत फूट पडली, तरी मंत्रिमंडळे राजीनामे देत. अठरा महिन्यांत दोन मंत्रिमंडळे विहित पद्धतीने पडली, तरच सभा विसर्जित करता येई. प्रत्यक्षात ती तशी क्वचितच पडत असल्याने विसर्जनाचा धाक उरला नाही. बारा वर्षांत त्याचा अवलंब एद्गार फॉर याने केवळ एकदा, डिसेंबर १९५५ मध्ये, केला.

पक्ष व मतदार : प्रारंभी कम्युनिस्ट, समाजवादी आणि ख्रिस्ती लोकशाहीवादी अशा तीन पक्षांची आघाडी सत्तेवर होती. शीतयुद्धाची छाया पडू लागताच मे १९४७ मध्ये रामाद्ये याने कम्युनिस्ट मंत्र्यांना मंत्रिमंडळातून काढले. त्याच सुमारास द गॉलने ‘फ्रेंच जनतेचा मेळावा’ ही संघटना स्थापन केली. त्यामुळे शासनव्यवस्थेलाच विरोध करणारे दोन प्रबळ गट डावीकडे व उजवीकडे उभे राहिले. मधल्या पक्षांना एकत्र राहण्यावाचून गत्यंतर नव्हते; मात्र अर्थनीती, धार्मिक शाळांना अनुदान, वसाहती व यूरोपीय संरक्षण या प्रत्येक प्रश्नावर त्यांच्यात मतभेद होते. एका प्रश्नावर जुळलेले बहुमत दुसऱ्या प्रश्नावर मोडत असे.

१९५१ च्या निवडणुकीपूर्वी या पक्षांनी निवडणूक-कायदा बदलून परस्परांशी युती करणाऱ्या याद्यांना लाभ होईल अशी तरतूद केली. परिणामी कम्युनिस्टांना सर्वाधिक, म्हणजे सु. २६ टक्के मते पडूनही सु. शंभरच जागा मिळाल्या. या कायद्याने व्यवस्था तात्पुरती सावरली. परंतु निवडणुकीच्या न्याय्यतेविषयी संशय बळावला. १९५१ मध्ये एकदा मत दिलेल्या नागरिकाने पुढील साडेचार वर्षांत सात मंत्रिमंडळे पाहिली आणि त्यांपैकी एकाच्याही घडणीत त्याला प्रत्यक्ष वाव नव्हता. शिवाय पंतप्रधान बदलला, तरी मंत्री पुष्कळदा तेच राहत. १९४४ ते १९५४ या दशकात परराष्ट्रखाते जवळजवळ सर्व काळ झॉर्झ बीदो व रॉबेअर शूमां या दोघांकडेच होते. यामुळे धोरणात सातत्य राहिले, हे खरे; पण अपयशाचा जाब कोणाला विचारावा, हे मतदारास उमगेनासे झाले.

आर्थिक पुनर्रचना : बँक ऑफ फ्रान्स, कोळसा, वीज, गॅस आणि रनो मोटार कारखाना यांचे १९४५-४६ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. झां मॉने याच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या पहिल्या योजनेत कोळसा, वीज, पोलाद, सिमेंट, वाहतूक व शेतीची यंत्रे यांवर भर देण्यात आला. अमेरिकेच्या मार्शल योजनेचे साहाय्य तिला लाभले. किमान वेतनाचा कायदा १९५० मध्ये झाला. ९ मे १९५० रोजी शूमां याने मांडलेल्या योजनेतून यूरोपीय कोळसा व पोलाद समुदाय (१९५१) निर्माण झाला. पुढे मार्च १९५७ मध्ये रोमच्या तहाने यूरोपीय आर्थिक समुदायाची स्थापना करण्याचे ठरले.

या प्रगतीची झळही मोठी होती. चलनवाढ व फ्रँकचे अवमूल्यन यांमुळे बचत करणारा मध्यमवर्ग गांजला. कारखाने उभारण्यास अग्रक्रम मिळाल्याने घरबांधणी मागे पडली. १९५४ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात बेघर लोक थंडीने दगावू लागले, तेव्हा आबे प्येअर या धर्मगुरूने १ फेब्रुवारी रोजी नभोवाणीवरून केलेल्या आवाहनाने सारा देश हेलावला. आधुनिकीकरणात मागे पडलेल्या छोट्या दुकानदारांचा व कारागिरांचा असंतोष प्येअर पूझाद या लेखनसाहित्याच्या दुकानदाराने संघटित केला. करतपासनिसांना रोखण्यापासून सुरू झालेल्या या चळवळीने जानेवारी १९५६ च्या निवडणुकीत सु. ११ टक्के मते मिळविली. ‘विद्यमान सदस्यांना घालवा’ हीच तिची मुख्य घोषणा होती.

वसाहतींचा प्रश्न : संविधानाने साम्राज्याऐवजी ‘फ्रेंच संघ’ ही संज्ञा योजली आणि उद्देशिकेत समतेचे आश्वासन दिले. प्रत्यक्षात निर्णयाची सूत्रे पॅरिसकडेच राहिली. इंडोचायनात हो-चि-मिन्ह याच्या नेतृत्वाखालील व्हिएटमिन्हशी १९४६ च्या अखेरीस युद्ध सुरू झाले. तेथे सक्तीने भरती केलेले तरुण पाठविण्यात येत नसत. लढणारे धंदेवाईक सैनिक, परदेशी पलटण व वसाहतींतील सैनिक असत. त्यामुळे सामान्य नागरिक या युद्धाविषयी उदासीन राहिला व एकही मंत्रिमंडळ ते जिंकण्याचा अथवा थांबविण्याचा स्पष्ट निर्णय घेईना. ७ मे १९५४ रोजी द्येनब्येनफू येथील ठाणे पडल्यावर हा प्रश्न टाळणे अशक्य झाले.

जून १९५४ मध्ये प्येअर मांदेस-फ्रांस पंतप्रधान झाला. एका महिन्यात तह न झाल्यास आपण राजीनामा देऊ, असे त्याने संसदेस सांगितले आणि जुलैमध्ये जिनीव्हा येथे तह घडवून आणला. लगोलग ट्युनिशियाला अंतर्गत स्वायत्तता देण्याची घोषणा त्याने केली. दर आठवड्यास नभोवाणीवरून तो आपल्या निर्णयांची कारणे लोकांना समजावून सांगे. जबाबदारी उघडपणे स्वीकारणारा शासनप्रमुख मिळाल्यास विश्वास परत येऊ शकतो, हे त्याच्या लोकप्रियतेने दाखविले. भारतातील पाँडिचेरी, कारिकल, माहे व यानम या वसाहतींचा कारभार याच काळात, १ नोव्हेंबर १९५४ रोजी, वाटाघाटींनी भारताकडे सोपविण्यात आला. विधिवत हस्तांतर १९६२ मध्ये झाले. पोर्तुगालने असा मार्ग नाकारल्यामुळे गोव्याचा प्रश्न डिसेंबर १९६१ मधील लष्करी कारवाईपर्यंत लांबला. मांदेस-फ्रांसचे मंत्रिमंडळ फेब्रुवारी १९५५ मध्ये उत्तर आफ्रिकेविषयीच्या धोरणावरून पडले.

अल्जीरियातील युद्ध : ज्या दिवशी पाँडिचेरीचे हस्तांतर झाले, त्याच दिवशी अल्जीरियात सशस्त्र उठाव सुरू झाला. अल्जीरिया कायद्याने फ्रान्सचाच भाग होता व तेथे सु. दहा लाख यूरोपीय वसाहतवाले राहत. १९४७ च्या कायद्याने त्यांना आणि त्यांच्या कितीतरी पट असलेल्या मुस्लिमांना विधिमंडळात समसमान जागा दिल्या होत्या व १९४८ च्या निवडणुकीत प्रशासनाने उघड गैरप्रकार केले होते. त्यामुळे सनदशीर मार्गावरील विश्वास तेथे आधीच उडाला होता. मांदेस-फ्रांससह बहुतेक फ्रेंच नेत्यांना अल्जीरिया तोडून देण्याची कल्पना मान्य नव्हती.

शांततेचे आश्वासन देऊन निवडून आलेल्या आघाडीचा समाजवादी पंतप्रधान गी मॉले ६ फेब्रुवारी १९५६ रोजी अल्जिअर्सला गेला, तेव्हा संतप्त यूरोपीय जमावाने त्याच्यावर टोमॅटो फेकले. त्यानंतर त्याने आपले धोरण बदलले. मार्चमध्ये संसदेने शासनास विशेषाधिकार दिले. कम्युनिस्टांनीही अनुकूल मत दिले. मोरोक्को व ट्युनिशिया यांना त्याच महिन्यात स्वातंत्र्य मिळाले. अल्जीरियात मात्र सक्तीने भरती केलेले तरुण पाठविण्यात आले व तेथील सैन्य सु. चार लाखांवर गेले. इंडोचायनाचे युद्ध दूरचे होते. हे युद्ध फ्रान्समधील घराघरांत पोहोचले. नोव्हेंबर १९५६ मध्ये सुएझ मोहीम अमेरिका व रशिया यांच्या दडपणामुळे सोडावी लागली आणि फ्रान्सच्या मर्यादा उघड झाल्या. १९५७ मध्ये अल्जिअर्समध्ये पोलिसी अधिकार छत्रीधारी सैनिकांकडे सोपविण्यात आले. कैद्यांच्या छळाच्या वार्ता फुटल्या, तेव्हा शासनाने वृत्तपत्रांचे अंक व पुस्तके जप्त केली. युद्धविरोधकांना शासन खोटे बोलते असे वाटू लागले. सैन्याला व वसाहतवाल्यांना ते आपला विश्वासघात करील अशी भीती वाटे.

अखेर : फेब्रुवारी १९५८ मध्ये फ्रेंच विमानांनी ट्युनिशियातील साकिएत या गावावर बाँबहल्ला केला. त्यातून उद्भवलेल्या पेचात एप्रिलमध्ये फेलीक्स गायार याचे मंत्रिमंडळ पडले. १३ मे रोजी प्येअर फ्लिमलँ पंतप्रधानपदासाठी संसदेची संमती घेत असतानाच अल्जिअर्समध्ये जमावाने शासकीय कचेऱ्या ताब्यात घेतल्या आणि जनरल मास्यू याच्या अध्यक्षतेखाली ‘लोकसुरक्षा समिती’ स्थापन झाली. २४ मे रोजी कॉर्सिका बंडखोरांकडे गेले. पॅरिसवर छत्रीधारी सैनिक उतरविण्याची योजनाही तयार होती. प्रजासत्ताकाच्या रक्षणार्थ २८ मे रोजी पॅरिसमध्ये मोठा मोर्चा निघाला. परंतु कामगारांच्या संपास फारसा प्रतिसाद मिळाला नाही. बंडखोरांना मानणारे लोक अल्पसंख्य होते. मात्र विद्यमान व्यवस्थेसाठी झीज सोसण्यास तयार असलेले लोकही थोडेच उरले होते. राष्ट्राध्यक्ष कॉती याने द गॉलला पाचारण केले. १ जून रोजी राष्ट्रीय सभेने ३२९ विरुद्ध २२४ मतांनी त्यास मान्यता दिली आणि लवकरच नवे संविधान तयार करण्याचा अधिकारही दिला. २८ सप्टेंबरच्या सार्वमतात सु. ८० टक्के मतदारांनी नव्या संविधानास पाठिंबा दिला व पाचव्या प्रजासत्ताकाचा उदय झाला.

मूल्यमापन : काही अभ्यासक या अपयशाचा दोष संविधानास देतात; इतरांच्या मते अल्जीरियासारख्या प्रश्नापुढे कोणतीही व्यवस्था डळमळली असती. प्रबळ राष्ट्राध्यक्ष असूनही द गॉलला हे युद्ध मिटविण्यास चार वर्षे लागली व एप्रिल १९६१ मध्ये लष्करी बंडास तोंड द्यावे लागले, ही गोष्ट दुसऱ्या मतास पुष्टी देते. मात्र द गॉलने निर्णय स्वतःच्या नावाने जाहीर केला व सार्वमताद्वारे त्यावर लोकांची संमती घेतली. चौथ्या प्रजासत्ताकास हे साधले नाही. संख्येने वारंवार बदलणारी मंत्रिमंडळे हे रोगाचे लक्षण होते. निर्णयाचे उत्तरदायित्व कोणाकडे आहे हे लोकांना न दिसणे, हा मूळ रोग होता. संविधान बदलल्याने तो कायमचा बरा होतो असेही नाही. जून २०२४ मधील विसर्जनानंतर कोणासही बहुमत न मिळालेल्या राष्ट्रीय सभेने डिसेंबर २०२४ मध्ये मीशेल बार्निए याचे व सप्टेंबर २०२५ मध्ये फ्रांस्वा बैरू याचे मंत्रिमंडळ पाडले, तेव्हा फ्रान्समध्ये चौथ्या प्रजासत्ताकाचे स्मरण पुन्हा होऊ लागले. त्या प्रजासत्ताकाने उभारलेल्या नियोजन, सामाजिक सुरक्षा व यूरोपीय सहकार्य यांच्या पायावर त्याच्या उत्तराधिकाऱ्यांनी इमारत रचली. तिचे श्रेय मात्र त्यास क्वचितच मिळाले.