चालतंय म्हणजे ठीक आहे असं नाही
चावीची घड्याळं : भाग ६

‘चालतंय की अजून, मग उघडायचं कशाला?’ जुन्या घड्याळाच्या सर्व्हिसिंगचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. मुख्य स्प्रिंगची ताकद चाकाचाकांतून बॅलन्सपर्यंत कशी पोहोचते, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. उत्तर तिथेच आहे. स्प्रिंगचं काम ढकलण्याचं; वाटेत ताजं तेल आहे की वाळलेला चिकटा, याची तिला फिकीर नसते. म्हणून घड्याळ आतून झिजत असतानाही चालतं, आणि बऱ्यापैकी वेळही दाखवतं.

एचएमटीचं ‘जनता’ घ्या. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला आणि पुढे कित्येक मराठी घरांत पहिल्या नोकरीचं घड्याळ म्हणून ‘जनता’च आलं. सतरा ज्वेलचं हे साधं, भक्कम मशीन. त्याचा बॅलन्स तासाला १८,००० ठोके देतो, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार. हा सगळा भार पेलणाऱ्या बॅलन्सच्या आसाची टोकं जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाड असतात. ती कृत्रिम माणकाच्या भोकांत फिरतात. माणिक पोलादापेक्षा कठीण. तेल वाळून त्यात धूळ मिसळली की त्याचं पॉलिश पेपरासारखं मिश्रण होतं, आणि झिजतं ते माणिक नव्हे, पोलादी टोक. केंद्र सरकारने २०१६ मध्ये एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे आता झिजलेला भाग बदलायचा तर बहुतेक वेळा दुसरं ‘जनता’ मोडावं लागतं. वेळेवर तेल देण्याचं महत्त्व त्यामुळे पूर्वीपेक्षा कितीतरी वाढलं आहे.

आता सर्व्हिसिंग म्हणजे नेमकं काय? मागचं झाकण उघडायचं, अख्खं मशीन पेट्रोलमध्ये बुडवून हलवायचं आणि वरून तेलाचे थेंब सोडायचे, असा प्रकार अजून सर्रास चालतो. घड्याळ त्यानंतर जोरात चालू लागतं, गिऱ्हाईक खूश होतं. पण माणकांच्या भोकांतला घट्ट चिकटा तसाच राहतो, स्प्रिंगच्या डब्यातलं वाळलेलं ग्रीस तसंच राहतं आणि नवं तेल त्या जुन्या मळात कालवलं जातं. याला सर्व्हिसिंग म्हणता येणार नाही.

खऱ्या सर्व्हिसिंगमध्ये मशीनचा प्रत्येक भाग सुटा होतो. त्याआधी स्प्रिंगमधली ताकद सोडावी लागते. चावी बोटात धरायची, स्प्रिंगला अडवणारा खटका चिमट्याने बाजूला सारायचा आणि चावी हळूहळू उलटी फिरू द्यायची. हे न करता पॅलेट फोर्क काढला तर अडवायला कुणी उरत नाही. सगळी चाकं एकदम भिरभिरतात आणि दात किंवा आसाची टोकं मोडू शकतात.

पॅलेट फोर्कपाशी थोडं थांबू. वीतभर अंतरावरून नुसत्या डोळ्यांना तो एक बारीक तुकडा दिसतो. डोळ्याला भिंग लावलं की त्याच्या दोन्ही हातांत बसवलेले लालसर खडे दिसतात आणि खड्यांच्या कडेला मधाच्या रंगाचा पातळ थर. ती लाख आहे, आपल्याकडे झाडांवर कीटक तयार करतात तीच. खडे जागेवर धरायला घड्याळवाले आजही तीच वापरतात, कारण गरम केली की ती मऊ होते आणि खडा केसभर सरकवता येतो. पण लाख स्पिरिटमध्ये विरघळते. ‘स्वच्छ होईल’ म्हणून हा भाग स्पिरिटमध्ये भिजत टाकला की खडा सैल होऊन तळाशी पडायची भीती. बॅलन्सवरचा छोटा खडाही बहुधा लाखेनेच बसवलेला असतो, तेव्हा तिथेही तीच काळजी.

धुऊन झाल्यावर माणकाचं प्रत्येक भोक टोकदार काडीने साफ करतात. काडीचं टोक काळं निघालं की पुन्हा तासायची, स्वच्छ निघेपर्यंत. मग तेल. एकच बाटली सगळीकडे चालत नाही. बॅलन्सच्या टोकांना पातळ तेल, जिथे दाब जास्त आणि वेग कमी तिथे दाट तेल, चावीच्या यंत्रणेला ग्रीस. पॅलेट फोर्कच्या आसाला तेल द्यायचंच नाही, हेअरस्प्रिंगला तर चुकूनही नाही. तिचे वेटोळे एकमेकांना चिकटले की घड्याळ तासाला कित्येक मिनिटं पुढे पळतं. तेल जास्त झालं तरी वाईट. ते जागेवर न थांबता पसरतं आणि जिथे हवं ती जागा कोरडी पडते.

शेवटी टाइमग्राफर. हे यंत्र टिकटिक ऐकून घड्याळ दिवसाला किती पुढे-मागे जातं ते सांगतंच, शिवाय बॅलन्स किती अंशांत झुलतो तेही सांगतं. पूर्ण चावी दिलेलं, आडवं ठेवलेलं निरोगी मशीन साधारण २५० ते ३०० अंशांत झुलतं. २०० च्या खाली असेल तर वेळ कितीही बरोबर दाखवत असलं तरी आत काहीतरी अडतंय. इतक्या जुन्या ‘जनता’ने दिवसाला अर्ध्या मिनिटाची चूक केली तर मी ती चूक मानत नाही.

तबकडीबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. डागाळलेली तबकडी पुन्हा रंगवून घेऊ नका. मुंबईच्या बाजारातून भडक रंगांत नव्याने छापलेल्या तबकड्यांची एचएमटी इतकी बाहेर गेली आहेत की परदेशी संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणूनच ओळखतात आणि त्यांच्यापासून लांब राहतात. एकदा खरवडलेली मूळ छपाई परत मिळत नाही. देवनागरी आकड्यांची तबकडी घरात असेल तर तिच्यावरचा पिवळेपणा तसाच राहू द्या.

पुढच्या आठवड्यात काच आणि केस. तोवर एक काम करा: घड्याळ दुरुस्तीला देण्याआधी दुकानदाराला विचारा, ‘मशीन पूर्ण सुटं करणार का, आणि सर्व्हिसिंगनंतरचे टाइमग्राफरचे आकडे दाखवाल का?’ दोन्हींना ‘हो’ आलं तरच घड्याळ हातात द्या. आणि सर्व्हिसिंगची तारीख झाकणाच्या आत सुईने कोरू देऊ नका, चिठ्ठीवर लिहून घ्या.