किशोर रहस्यमालेची पूर्वकथा आणि ‘होणार होता’

रहस्यकथांची एखादी माला वाचकांच्या अंगवळणी पडली, की तिच्या नायकाचे बालपण कसे गेले, त्याने पहिले गूढ कोणत्या वयात उकलले, हे जाणण्याची इच्छा उत्पन्न होते. ही इच्छा पुरविण्यासाठी लिहिलेली शंभर-सव्वाशे पानांची दीर्घकथा मालेत मागाहून येते. कथाकाळात मात्र ती सर्वांच्या आधीची असते. तिला प्रस्तुत लेखात ‘पूर्वकथा’ म्हटले आहे. किशोरांसाठी लिहिलेल्या पूर्वकथेचे वाचक दोन प्रकारचे असतात. एकाने सगळी माला वाचलेली असते. नायक जिवंत राहतो व यशस्वी होतो, हे त्याला ठाऊक असते. दुसरा, बहुधा वयाने लहान, ग्रंथालयातून नेमके हेच पुस्तक प्रथम उचलतो. वाचकाला काय केव्हा कळू द्यावे, यावरच रहस्यकथेचा सारा डोलारा उभा असल्यामुळे या दोघांना एकाच वाक्याने सांभाळणे ही वाङ्मयाची, तशीच व्याकरणाचीही बाब ठरते.

मराठीत हा प्रश्न ‘-णार होता’ या रूपापाशी येऊन ठेपतो. ‘हाच मुलगा पुढे नामांकित शोधक होणार होता’ अशा धर्तीचे वाक्य लिहिण्याचा मोह पूर्वकथाकाराला पदोपदी होतो. परंतु नित्याच्या बोलण्यात ‘तो काल येणार होता’ असे म्हटले, की तो आला नाही, असाच अर्थ ऐकणारा प्रथम घेतो. हेतू होता, तो सिद्धीस गेला नाही. पुढचे जाणणाऱ्या निवेदकाने केलेले विधान, हा या रूपाचा दुसरा अर्थ होय. तो चरित्रांच्या व इतिहासाच्या गद्यात रूढ असून इंग्रजी गद्याच्या वाचनाने त्याच्या प्रसाराला हातभार लावला असावा. जुन्या वाचकाला हा दुसरा अर्थ आपोआप लागतो. नवा वाचक मात्र क्षणभर अडखळतो, आणि अर्थ उमगला तरी नायकावरील संकटाचा धाक त्याच्यापुरता संपतो. एकाला गुदगुल्या करताना दुसऱ्याचे पुस्तकच हिरावून घेतले जाते.

हा पेच बंगालीत शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी फार चतुराईने सोडविला आहे. ब्योमकेश बक्षीच्या दोन कथा लिहून झाल्यानंतर त्यांनी ‘सत्यान्वेषी’ लिहिली व तिच्यात ब्योमकेश आणि निवेदक अजित यांची पहिली भेट रंगविली. लेखनक्रमाने तिसरी असलेली ही कथा पुढे पहिली मानली गेली; १९९३ साली दूरदर्शनवर आलेली मालिकाही तिच्यापासूनच सुरू झाली. आपला ब्योमकेशाशी परिचय बंगाली सन १३३१ मध्ये झाला, असे अजित आरंभीच सांगून टाकतो. पण त्यानंतर कलकत्त्याच्या मेसमध्ये आलेला अतुल नावाचा बेकार तरुण कोण, याविषयी तो चकार शब्द काढीत नाही. भेट झाली हे ठाऊक, कोणाशी झाली हे गूढ! पुढच्या ज्ञानाचा उच्चार एकदाच करावयाचा व मग निवेदकाने त्या दिवसाच्या अज्ञानातच राहावयाचे, ही युक्ती नव्याजुन्या दोन्ही वाचकांना पुरते.

निवेदक जेथे हजरच नव्हता, त्या काळाचे काय? कॉनन डॉइल यांचा होम्स १८८७ मध्ये अवतरला. त्याच्या विद्यार्थिदशेतील पहिले प्रकरण ‘ग्लोरिया स्कॉट’ या कथेत १८९३ मध्ये आले. ते वॉटसनने पाहिलेले नाही. म्हणून हिवाळ्यातील एका रात्री शेकोटीपाशी बसून होम्सच ते सांगतो. आपल्याकडे ही सोय फार जुनी आहे, आणि तिचे उदाहरण अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचे आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने ज्याने पाहिले त्याच्याकडे जाऊन, विचारून लीळा जमविल्या. लीळाचरित्राच्या ‘एकांक’ भागातील भ्रमंती मात्र चक्रधरांनी एकट्याने केलेली. तेथे साक्षीदार कोठून असणार? त्या लीळा स्वामींच्या स्वतःच्या सांगण्यातून आल्या. धर्मग्रंथ आणि किशोर रहस्यकथा यांची ही सांगड कोणास औचित्यभंग वाटेल, पण ‘हे कोणाला कसे कळले?’ ही चौकशी दोहोंत एकच आहे.

दुसरा मोह, नायकाच्या प्रत्येक लकबीचे मूळ सांगण्याचा. भा. रा. भागवत (१९१०-२००१) यांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे जो ‘ट्टॉक’ करतो, तो जिभेचा चटका मराठीच्या वर्णमालेत बसत नाही आणि म्हणूनच मुलांना प्रिय आहे. फुरसुंगीला तो हे कोणाकडून शिकला, हे सांगणारी पूर्वकथा कोणी लिहिलीच, तर त्या ध्वनीची गंमत ती बहुधा घालवील. २०१७ च्या चित्रपटाने त्याला थोरला करून पुढे नेले. ती वाट उलट दिशेची व, मला वाटते, कमी धोक्याची.

वऱ्हाडात अशी पूर्वकथा घडवायची झाली, तर साहित्य हाताशी आहे. समजा, मालेतला नायक पुण्यात शिकतो, प्रमाण मराठी बोलतो, आणि पूर्वकथेत तो अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापुरास आजीकडे वाढणारा चौदा वर्षांचा मुलगा आहे. मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळ या दोन्ही बाजूंस जाणारी अरुंदमापी ‘शकुंतला’ आता धावत नाही. ती फलाटावर उभी दाखविली, की निवेदकाने न सांगताही काळ मागे जातो. बोलीचे काम याहून मोठे आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) कादंबरीने वऱ्हाडी संवादांत केवढे सामर्थ्य आहे, ते दाखविलेच आहे. रहस्यकथेत तीच बोली पुरावा होते. ‘तो डब्याकडं पाहून राह्यला होता’ असे सांगणाऱ्या साक्षीदाराने क्रिया चालू असताना पाहिलेली असते; ‘तो डब्यात शिरला म्हने’ असे म्हणणाऱ्याने केवळ ऐकलेले असते. ‘तुह्या डोयानं पाह्यलं का आयकलं?’ हा त्या मुलाचा पहिला शोधक प्रश्न ठरू शकेल. नवा वाचक त्यातून तपास कसा करतात ते शिकेल. जुन्या वाचकाने पुण्यातल्या नायकाच्या तोंडी नेहमी ‘डोळा’ ऐकलेला असतो. येथे ‘डोया’ वाचून मधले अंतर त्याला आपोआप कळेल, आणि ते कळविण्यासाठी निवेदकाला ‘होणार होता’ म्हणावे लागणार नाही.