मनाची जखम आणि शरीराची स्मृती

आमच्या वर्गात एक विद्यार्थी होता. आदल्या वर्षी नदीत होडी उलटली, तेव्हा तो तीत होता. नावाड्याने त्याला सुखरूप काठावर आणले. अंगावर ओरखडादेखील नव्हता. परंतु पावसाची मोठी सर कौलांवर कोसळू लागली, की त्याचे हात गार पडत, श्वास आखूड होई आणि लेखणी थांबे. "अरे, एवढा मोठा झालास, अजून भितोस?" असे आम्ही एकदा त्याला सर्वांदेखत म्हणालो. खाली मान घालून तो कोकणीत जे उत्तरला, त्याचा अर्थ असा: "सर, मी भीत नाही, हातच ऐकत नाहीत." आम्ही ओशाळलो. त्या उत्तरामागील शास्त्र समजून घेण्याचा जो प्रयत्न आम्ही पुढे केला, तोच विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे ठेवीत आहोत.

संकट समोर येताच शरीर आपल्या विचारांची वाट पाहत नाही. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठतात, पचनाचे काम मंदावते आणि अ‍ॅड्रेनलिन नावाचा स्राव रक्तात मिसळतो. लढण्याची अथवा पळण्याची ही तयारी होय. हार्वर्ड विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन ह्यांनी १९१५ मध्ये आपल्या ग्रंथात हिचे विवेचन केले. लढणे आणि पळणे ही दोन्ही अशक्य झाली, तर कधी कधी देह जागच्या जागी थिजतो. संकट टळल्यावर बहुतेकांचे शरीर हळूहळू पूर्ववत होते. काहींचे मात्र होत नाही; नुसत्या आवाजाने वा वासाने ते पुन्हा सावध होते, जणू संकट आताच उभे आहे!

पहिल्या महायुद्धात हे जगाला ठळकपणे दिसले. तोफांच्या माऱ्यातून वाचलेल्या कित्येक सैनिकांना कंप सुटे, कोणाची वाचा जाई, कोणाचे पाय चालत नसत. आणि जखम तर कोठेच सापडत नसे. चार्ल्स मायर्स ह्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९१५ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात अशा रुग्णांची हकीकत 'शेल शॉक' ह्या नावाने प्रसिद्ध केली. तरीही पुष्कळांच्या वाट्याला भ्याडपणाचा कलंक आला. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातानंतरच्या ह्या विकाराला आपल्या अधिकृत सूचीत स्थान दिले, ते १९८० मध्ये.

भय जर देहातही राहत असेल, तर उपचाराची एक वाट देहातून जावी, हा विचार ह्यातूनच पुढे आला. अमेरिकन उपचारक पीटर लेव्हीन ह्यांच्या पद्धतीत रुग्णाला सारी हकीकत एकदम सांगावयास लावीत नाहीत. छातीतील दडपण, हातांतील कंप ह्यांकडे तो क्षणभर लक्ष देतो आणि लगेच जमिनीवर टेकलेल्या पावलांसारख्या स्थिर जाणिवेकडे परततो. अशा लहान लहान फेऱ्यांनी शरीराला सुरक्षिततेची ओळख पुन्हा पटावी, ही त्यामागील कल्पना.

श्वासाचे महत्त्व ह्याहून सहज कळण्यासारखे आहे. हृदयाचे ठोके आपण हुकूम देऊन कमी करू शकत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपल्या इच्छेनेही. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती किंचित मंदावते. म्हणून सावकाश, लांब श्वास सोडल्याने शरीर शांत होण्यास मदत होते. प्राणायामाचा असा प्रयोगशाळेतील अभ्यास स्वामी कुवलयानंद ह्यांनी लोणावळ्याच्या कैवल्यधामात १९२४ पासून आरंभिला होता, हे मराठी वाचकांनी अभिमानाने स्मरावे.

ह्या उपायांची परीक्षाही झाली आहे. बेसेल व्हॅन डर कोल्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आघाताने दीर्घकाळ त्रस्त असलेल्या स्त्रियांपैकी काहींना १० आठवडे योगाचे वर्ग दिले, तर इतरांना आरोग्यविषयक माहितीचे. योगाच्या गटात ३१ पैकी १६ जणी विकाराच्या कसोटीतून बाहेर आल्या. दुसऱ्या गटात २९ पैकी ६. आकडे आशादायक खरे, पण लहान आहेत. संवादातून होणाऱ्या काही मानसोपचारांचा पुरावा ह्याहून अधिक भक्कम आहे. तेव्हा शरीराचा मार्ग त्यांच्या जोडीने चालावयाचा, त्यांना डावलून नव्हे. शिवाय डोळे मिटून अंतर्मुख झाल्याने काहींचे भय उलट वाढते. म्हणून जाणकार मार्गदर्शक हवाच.

त्या विद्यार्थ्याची आम्ही क्षमा मागितली आणि पालकांना भेटून तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घेण्यास सुचविले. पुढे एके दिवशी तास चालू असताना जोराचा पाऊस आला. त्याने लेखणी खाली ठेवली, पावले फरशीवर घट्ट टेकविली, चार-पाच वेळा सावकाश श्वास सोडला. वर्ग गप्प होता. थोड्या वेळाने त्याने लेखणी उचलली आणि अर्धे राहिलेले वाक्य पुरे केले.

मित्रांनो, आपल्या शेजारच्या बाकावर कोणाचे हात असे थरथरताना दिसले, तर हसू नका. "विसरून जा" असेही म्हणू नका. ते त्याच्या हाती नसते. नुसते जवळ बसा आणि घरच्या वडील माणसांना अथवा शिक्षकांना सांगा.