मेदाम्ले आणि औषधास न जुमानणाऱ्या कर्कपेशी

भिवंडीतील रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयात किमोथेरपी घेऊन परततो आणि दोन दिवसांत त्याचे नातेवाईक आमच्याकडे येतात. "डॉक्टर, जवसाच्या किंवा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल सुरू करू का? त्याने किमो चांगली लागू पडते म्हणतात." औषधविक्रेत्या बंधूंनाही हा प्रश्न नवा नसावा. त्याचे उत्तर देण्यापूर्वी मूळ विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

औषध निष्प्रभ का होते?

आरंभी अर्बुद लहान होते; पुढे तेच औषध चालेनासे होते. याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक ज्युलियानो व लिंग यांनी १९७६ साली दाखविले. पेशीपटलातील पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन पंपाप्रमाणे कार्य करते आणि आत शिरलेले औषध बाहेर फेकते. व्हिन्क्रिस्टिन, डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल ही भिन्न औषधे या एकाच पंपामुळे निष्प्रभ होऊ शकतात.

मेदाम्लांचे कार्य

पेशीपटल मुख्यतः मेदद्रव्यांचे बनलेले असते व आहारातील मेदाम्ले त्यात सामावली जातात. ओमेगा-३ मेदाम्लांत द्विबंध अनेक असल्याने पटलाचे गुणधर्म बदलतात. शिवाय ही मेदाम्ले सहज ऑक्सिडीकृत होतात. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाने निर्माण होणारे क्रियाशील ऑक्सिजन घटक त्यांवर आघात करतात आणि पेशीचा नाश सुकर होतो.

हैदराबादचे डॉ. उंडुर्ती दास व सहकाऱ्यांनी १९९८ साली व्हिन्क्रिस्टिनला न जुमानणाऱ्या पेशींवर गॅमा-लिनोलेनिक व अन्य मेदाम्ले वापरली, तेव्हा औषध पेशीत अधिक शिरले व कमी बाहेर पडले. पुण्यात भारती विद्यापीठाच्या 'इर्शा' संस्थेत डॉ. रुचिका कौल-घाणेकर यांच्या गटाने स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्कपेशींवर जवसातील अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा अभ्यास केला. पेशींची वाढ मंदावली. परंतु हे सर्व प्रयोग काचपात्रातील होत. रुग्णांवरील प्रयोगांत फ्रान्समधील २००९ चा उल्लेखनीय आहे. दूरवर पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या २५ रुग्णांना किमोथेरपीसह रोज १.८ ग्रॅम डीएचए देण्यात आले. ज्यांच्या शरीरात ते अधिक सामावले, ते अधिक काळ जगले. मात्र तुलनेसाठी डीएचएविरहित गट नव्हता.

दुसरी बाजू

२०११ साली नेदरलंड्समधील संशोधकांनी नेमके उलट दाखविले. प्लॅटिनमयुक्त औषधांच्या प्रभावाने शरीरातील काही पेशी दोन विशिष्ट मेदाम्ले सोडतात आणि उंदरांमध्ये त्यांमुळेच औषध निष्प्रभ होते. त्यांपैकी एक मेदाम्ल माशांच्या तेलातही असल्याचे २०१५ साली याच गटाने दाखविले. ते तेल घेतलेल्या निरोगी व्यक्तींच्या रक्तात त्याचे प्रमाण वाढले. म्हणजे एक मेदाम्ल औषधास साहाय्य करते, तर दुसरे विरोध. शिवाय उंदरांच्याच वर्गातील घुशीसदृश प्राण्यांवर, म्हणजे रॅटवर, २००५ साली झालेल्या प्रयोगात ई जीवनसत्त्व देताच माशांच्या तेलाचा लाभ नाहीसा झाला. माशांच्या तेलाच्या अनेक कॅप्सूलमध्ये ई जीवनसत्त्व असतेच, हे औषधविक्रेत्यांनी ध्यानात घ्यावे.

आपण काय करावे?

तूप संस्कारानुवर्ती आहे, स्नेह सूक्ष्म स्रोतसांत पोहोचतो, हे आपण जाणतो. तथापि त्यावरून 'स्नेहाने किमो वाढते' असा निष्कर्ष काढणे शास्त्रसंमत नाही. चरकाचार्यांनी अतसीतैल वातात हितकर, पण रक्तपित्तप्रकोपक सांगितले आहे. बिंबाणू घटलेल्या रुग्णात हा इशारा विसरू नये. जवसाचे तेल हे माशांच्या तेलाचा पर्यायही नव्हे. त्यातील मेदाम्लाचे डीएचएमध्ये रूपांतर अत्यल्प होते.

म्हणून रुग्णाचे कागद पाहावेत व कोणते औषध चालू आहे ते वाचावे. प्लॅटिनमयुक्त औषध, म्हणजे सिस्प्लॅटिन, कार्बोप्लॅटिन वा ऑक्झॅलिप्लॅटिन असल्यास माशांचे तेल देऊ नये. अन्य औषधांतही कर्करोगतज्ज्ञांना कळविल्याविना तेलाच्या कॅप्सूल वा तीव्र रसायनद्रव्ये सुरू करू नयेत. भाजीत, चटणीत नित्य येणारे जवस ही गोष्ट वेगळी. 'थांबा, आधी विचारू' हे सांगणे हेही चिकित्साकर्मच आहे, असे आम्हांस वाटते.