गोळीतून इन्सुलिन: मोठ्या आतड्याची वाट

इन्सुलिन सहसा टोचूनच का घ्यावे लागते? कारण ते प्रथिन आहे. ५१ अमिनो आम्लांचा हा रेणू गिळला, तर जठरातले पेप्सिन आणि लहान आतड्यातले ट्रिप्सिन डाळीतल्या प्रथिनासारखेच त्याचे तुकडे करतात.

मोठ्या आतड्यात या पाचक विकरांचा जोर ओसरलेला असतो आणि आतला ऐवज तासन्‌तास रेंगाळतो. औषध तिथवर सुखरूप न्यायचे, तर वेष्टन नेमके तिथेच उघडायला हवे.

याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. काही ॲक्रिलिक वेष्टने आम्लात टिकतात आणि सामू ७ च्या वर गेला की विरघळतात. पण हा सामू माणसागणिक बदलतो. त्यामुळे गोळी कधी आधीच फुटते, कधी तशीच बाहेर पडते. दुसरी पद्धत जिवाणूंवर भिस्त ठेवते. पेक्टिन किंवा गवारीचा डिंक आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू मात्र तो फस्त करतात. १९८६ मध्ये संशोधक मरे सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी जिवाणूंमुळे तुटणाऱ्या ॲझो बंधांच्या वेष्टनातून उंदरांना तोंडावाटे इन्सुलिन दिले; त्यांची रक्तशर्करा उतरली.

मात्र पोचणे म्हणजे शोषले जाणे नव्हे. श्लेष्माचा थर आणि पेशींची घट्ट वीण मोठ्या रेणूंना अडवते, शिवाय जिवाणूंची स्वतःची विकरेही प्रथिने तोडतात. शोषण वाढवणारी द्रव्ये ही वीण सैल करतात. पण मग नको ते पदार्थही आत शिरू शकतात. म्हणूनच अल्सरेटिव्ह कोलायटिससारख्या आजारांत ही वाट अधिक आशादायक ठरते: तिथे औषधाला रक्तात शिरायचेच नसते, आतड्याच्या अस्तरावरच काम करायचे असते.