पारा चढला की बातमी, उतरला की नोबेल!

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे गेला की बातमी होते. १९११ मध्ये हॉलंडच्या लायडन शहरातही पाऱ्यानं इतिहास घडवला, पण खाली उतरून! तिथपासून ‘खोलीच्या तापमानाला’ चालणाऱ्या अतिवाहकाचा शोध सुरू आहे. त्यातल्या या काही गमती.

पहिला मान पाऱ्याला
हाइके कामरलिंग ओनेस यांनी पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड केला आणि त्याचा विजेला होणारा विरोध एकाएकी नाहीसा झाला. अतिवाहकता ती हीच. अतिथंड पदार्थांवरच्या कामासाठी १९१३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

कूलरपर्यंतची गळती
पारसच्या केंद्रातली वीज घरच्या कूलरपर्यंत पोचताना वाटेतल्या तारा तापवत येते. तेवढी वाया! अतिवाहक तारेतून एकदिश प्रवाह सोडला तर ही गळती शून्य. अडचण थंडाव्याची. दवाखान्यातल्या १.५ टेस्लाच्या एमआरआय यंत्राचं चुंबक अतिवाहक तारेचंच असतं, आणि बाहेर रोहिणी तापली तरी आतलं हेलियम उणे २६९ वरच ठेवावं लागतं.

हायड्रोजनच काहून?
कमी थंडीत चालणारा अतिवाहक शोधताना नजर हायड्रोजनवर गेली, कारण तो सगळ्यांत हलका. हलका अणू झपाट्यानं थरथरतो, आणि त्या थरथरीनंच विनाविरोध वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात. थरथर जितकी वेगवान, तितकी जोडी उष्णतेला टिकण्याची आशा जास्त. प्रचंड दाबाखाली धातुरूप झालेला हायड्रोजन अतिवाहक ठरेल, असं नील ॲशक्रॉफ्ट यांनी १९६८ मध्येच मांडलं. २००४ मध्ये त्यांनी वाट सोपी केली: हायड्रोजनची दुसऱ्या मूलद्रव्याशी सोयरीक जुळवा, दाब कमी लागेल.

सडक्या अंड्याचा वास
२०१५ मध्ये जर्मनीच्या माइन्झ शहरात मिखाइल एरेमेट्स यांच्या गटानं सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, हायड्रोजन सल्फाइड, प्रचंड दाबाखाली आणला. तो उणे ७० अंशांना अतिवाहक झाला! अंटार्क्टिकातल्या वोस्तोक केंद्रावर १९८३ मध्ये याहून कडक थंडी पडली होती: उणे ८९.२.

फ्रीझरच्या दारात
२०१९ मध्ये लँथनम हायड्राइडनं उणे २३ अंश गाठले. घरच्या फ्रीझरमध्ये असतात उणे १८. राहिले पाचच अंश!

लोणारही मागे
पण दाब? वातावरणाच्या सुमारे १७ लाख पट. लोणारला उल्का आदळली तेव्हा तिथल्या काळ्या दगडातल्या खनिजाची काच झाली. अशी काच व्हायला दोन ते चार लाख पट दाब पुरतो. प्रयोगशाळेत मात्र दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये, केसाहून बारीक नमुन्यावर, त्याच्या कितीतरी पट दाब येतो. अशा तारेनं अकोला-अमरावती जोडायचं म्हणजे हिरे किती लागतील, हिशेब करा!

आले आणि गेले
रंगा डायस यांच्या गटानं २०२० मध्ये १५ अंशांचा आणि २०२३ मध्ये २१ अंशांचा दावा केला. ‘नेचर’नं पहिला शोधनिबंध २०२२ मध्ये आणि दुसरा २०२३ मध्येच मागे घेतला.

मुंबईचं उलटं टोक
कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९९४ मध्ये बोरोकार्बाइड हे अतिवाहकांचं नवं कुटुंब सापडलं. तिथेच २०१६ मध्ये बिस्मथही अतिवाहक होतं हे दिसलं, पण केव्हा? निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचा जेमतेम दोन हजारावा भाग उरला तेव्हा!

खोली कुणाची?
शास्त्रज्ञांची ‘खोली’ २०-२५ अंशांची. आमची खोली मे महिन्यातली: दुपारचे तीन, लाइन गेलेली, कूलरचं गवत वाळून कोळ झालेलं, नळाला चहा होईल असं पाणी. २१ अंशांचा तो दावा खरा निघाला असता तरी इथे त्यानं मान टाकली असती. तेव्हा बाप्पा, ‘खोलीच्या तापमानाचा’ शिक्का मारण्याआधी नमुना एकदा अकोल्याला आणा. मेमध्ये.