सांपडलेला पैसा आणि देवाची पेटी

मिरारोड किंवा भाईंदर स्थानकाच्या पुलावर सकाळच्या गर्दींत पायांशीं एखादें पाकीट येतें. मागचा लोंढा थांबूं देत नाहीं, गाडीची वेळ झालेली असते, आणि पाकिटांत दोनअडीच हजारांच्या नोटा असतात. त्या निमूटपणें खिशांत घालणारे लोक आहेतच. त्यांच्याविषयीं लिहिण्यासारखें फारसें नाहीं. आपल्या घरांतून अधिक आढळणारा प्रकार निराळा आहे. परक्याचा पैसा वापरणें पाप, हें लहानपणापासून मनावर ठसलेलें असतें. परंतु पोलीसचौकीची पायरी नको, जाबजबाब नकोत, कचेरीला उशीर नको. मग संध्याकाळीं परततांना ते पैसे देवळांतील पेटींत पडतात, किंवा दाराशीं बसलेल्या भिकाऱ्याच्या हातावर ठेवले जातात, आणि घरीं आल्यावर ही हकीकत मुलांना मोठ्या समाधानानें सांगितली जाते. या रूढीचाच विचार येथें करावयाचा आहे. ती भल्या माणसांची रूढि आहे, आणि म्हणूनच तिच्यांतील दोष लवकर ध्यानांत येत नाहीं.

देवाच्या नांवानें हें चालतें, तेव्हां धर्मशास्त्र काय सांगतें तें आधीं पाहावें. गौतमधर्मसूत्रांत असें आहे कीं, ज्याचा धनी ठाऊक नाहीं अशी हरवलेली वस्तु सांपडल्यास ती राजास कळवावी. राजानें तिचा पुकारा करून ती वर्षभर राखावी. त्यानंतरही कोणी न आल्यास चौथा हिस्सा सांपडणाऱ्यास द्यावा व उरलेला राजानें घ्यावा. मनुस्मृतींत हीच मुदत तीन वर्षांची आहे. वस्तु मागावयास येणाऱ्यानें तिचें रूप, संख्या, हरवल्याचें स्थळ व वेळ हीं सांगावयाचीं, आणि खोटी मागणी करणाऱ्यास त्या वस्तूच्या किंमतीएवढा दंड भरावयाचा, अशीही व्यवस्था तेथें आहे. हे सारे नियम मूळ धन्याला शोधण्यासाठीं आहेत. सांपडलेली वस्तु देवास वाहून मोकळें व्हावें, असें त्यांत कोठेंही नाहीं. (भूमींत पुरलेल्या निधीचे नियम वेगळे, त्यांत विद्वान ब्राह्मणास उदार वाटा सांगितला आहे, आणि आपल्यांतील पुष्कळांना नेमका तेवढाच भाग पाठ असतो!)

दानाच्या बाजूनें पाहिलें तर ही रूढि अधिकच लंगडी पडते. दान म्हणजे स्वतःचें स्वामित्व सोडून तें दुसऱ्याचें करणें. जेथें स्वतःचें स्वामित्वच नाहीं तेथें सोडावयाचें काय? नारदस्मृतींत जीं अदेय द्रव्यें, म्हणजे देऊं नयेत अशीं द्रव्यें, गणलीं आहेत त्यांत ‘निक्षेप’ म्हणजे दुसऱ्याची ठेव स्पष्टपणें येते. आणि सांपडलेली वस्तु ही एक प्रकारची ठेवच होय, हें आजचा कायदाही मानतो. १८७२ च्या करारांच्या कायद्याचें ७१ वें कलम असें सांगतें कीं, दुसऱ्याची वस्तु सांपडली आणि ती आपण ताब्यांत घेतली, कीं ठेवदाराची सारी जबाबदारी आपल्यावर येते. उचलण्याची सक्ति कोणावरही नाहीं. परंतु एकदां उचलली म्हणजे आपण राखणदार झालों. राखणदारानें धन्याच्या पैशांतून नैवेद्य दाखवावा, हें कोणत्याही देवास रुचेल असें वाटत नाहीं.

फौजदारी कायद्याची भाषा याहून कडक आहे, आणि ती मुळांतून वाचण्यासारखी आहे. १८६० च्या पिनल कोडांतील ४०३ व्या कलमाखालीं कांहीं लहान लहान उदाहरणें दिलेलीं होतीं. हमरस्त्यावर एकास रुपया सांपडला, तो कोणाचा हें त्यास ठाऊक नाहीं. त्यानें तो उचलला, तर गुन्हा नाहीं. दुसऱ्यास नोट घातलेलें पत्र सांपडलें, आणि पत्त्यावरून व मजकुरावरून ती नोट कोणाची तें कळलें. तरी त्यानें ती ठेवून घेतली, तर तो गुन्हेगार. तिसऱ्यानें कोणाच्या तरी हातून पाकीट पडतांना पाहिलें; परत देण्याच्या सद्धेतूनें तें उचलले, आणि मागाहून त्याची बुद्धि फिरली; तोही गुन्हेगार. चौथ्यास मौल्यवान अंगठी सांपडली, धन्याचा शोध न करतां त्यानें ती तत्काळ विकली, तोही गुन्हेगारच. आतां ही भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अंमलांत आली असून तिच्या ३१४ व्या कलमांत हेंच तत्त्व कायम आहे. शिवाय पूर्वीं दंडावर सुटतां येत असे, तेथें आतां निदान सहा महिन्यांची कैद सांगितली आहे.

यांतील रुपयाचें उदाहरण पुष्कळ जण आपल्या सोयीचें म्हणून धरतात. परंतु रुपया व अंगठी यांतील भेद केवळ किंमतीचा नाहीं. एकट्या नाण्यावर धन्याची कांहीं खूण नसते. अंगठी ज्याची असेल तो ती ओळखतो आणि शोधीत येतो. वाजवी उपाय योजून, वाजवी काळ वाट पाहून धनी सांपडण्याजोगा आहे कीं नाहीं, एवढेंच कायदा विचारतो. पुलावर पडलेली सुटी नोट ही रुपयाच्या बाजूची. पण पाकिटांत लोकलचा पास, एखादें कार्ड, औषधाची चिठ्ठी असते. तें पाकीट अंगठीच्या बाजूचें. त्यांतील नोटा काढून पेटींत टाकल्या आणि पाकीट कचऱ्यांत फेकलें, तर अंगठी तत्काळ विकणाऱ्यापेक्षां आपण कितीसे निराळे ठरलों?

मिठागरांच्या काठीं वसलेल्या मिरा व भाईंदर या गांवांत पूर्वीं दवंडी दिली म्हणजे काम भागत असे. वस्तु कोणाची हें चार घरें विचारतांच कळे. येथें १९८५ सालीं नगरपालिका आणि २००२ सालीं महानगरपालिका झाली. २०११ च्या खानेसुमारींत वस्ती ८ लाखांवर गेली. शेजारच्या बिऱ्हाडाचें नांव ठाऊक नसलेल्या या वस्तींत धनी सांपडणार कसा, असें म्हणून आपण हात झटकतों. पण विचारण्याचीं ठिकाणें पूर्वींपेक्षां आज अधिक आहेत. गाडींत वा स्थानकाच्या आवारांत सांपडलेली वस्तु स्थानकमास्तरांकडे किंवा रेल्वे सुरक्षा दलाकडे द्यावी. पश्चिम रेल्वेच्या सुरक्षा दलानें २०२१ या एका वर्षांत १,३१७ उतारूंचा सुमारें २ कोटि ५८ लाख रुपयांचा माल परत मिळवून दिला, आणि २०२२ पासून ‘मिशन अमानत’ या नांवाखालीं सांपडलेल्या सामानाचीं छायाचित्रें रेल्वेच्या संकेतस्थळावर लावण्यास आरंभ केला. रस्त्यावर सांपडलें तर शहराचें पोलीसठाणें आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून मिरा-भाईंदर व वसई-विरार मिळून स्वतंत्र आयुक्तालयही झालें आहे. रक्कम देतांना नोटा समक्ष मोजून घ्याव्या आणि पोंच मागून घ्यावी. पोंच मागण्यांत कोणाचा अपमान नाहीं. ती दोघांच्याही संरक्षणाची आहे.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर दवंडी द्यावयाची असेल, तर मनूची अट विसरूं नये. पाकीट सांपडलें एवढेंच लिहावें. रंग, रक्कम, आंतील वस्तु लिहूं नयेत. त्या धन्यानें सांगावयाच्या आहेत. हीच सावधगिरी बँकेच्या खात्यांत चुकून आलेल्या पैशाविषयींही हवी. चुकून मिळालेला पैसा परत केलाच पाहिजे, हें करारांच्या कायद्याचें ७२ वें कलम सांगतें. पण कोणा अपरिचिताच्या फोनवरून तो स्वतः कोठें पाठवूं नये. आधीं रक्कम खरोखर जमा झाली आहे का तें पाहावें आणि बँकेलाच कळवावें, कारण याच बहाण्यानें लोकांस गंडविणारे पुष्कळ आहेत.

‘सायन्स’ या नियतकालिकांत २०१९ सालीं एका मोठ्या प्रयोगाची हकीकत आली होती. हिंदुस्थान धरून ४० देशांतील ३५५ शहरांत सतरा हजारांहून अधिक पाकिटें ‘सांपडलीं’ म्हणून बँका, टपालकचेऱ्या, हॉटेलें अशा ठिकाणीं दिलीं, आणि तेथील माणसें धन्यास कळवितात कीं नाहीं तें पाहिलें. रिकाम्या पाकिटांपैकीं सुमारें चाळीस टक्क्यांविषयीं कळविण्यांत आलें. ज्यांत पैसे होते त्यांपैकीं एक्कावन्न टक्क्यांविषयीं. लोभ वाढेल म्हणून परत येण्याचें प्रमाण घटेल, हा तज्ज्ञांचाही तर्क खोटा ठरला. त्याहून मार्मिक गोष्ट किल्लीची. ज्या पाकिटांत किल्ली होती तीं अधिक परत आलीं. किल्ली सांपडणाऱ्याच्या उपयोगाची नसते. तिच्यावांचून अडतें तें हरवणाऱ्याचें. ती हातीं लागतांच त्या माणसाची आठवण होते.

पेटींत पैसे टाकतांना हरपते ती हीच आठवण. ज्याचें पाकीट पडलें तो संध्याकाळीं पुन्हां त्याच पुलावर येतो, पायऱ्यांखालीं वांकून पाहतो, तिकिटखिडकीवर विचारतो, चौकीवर विचारतो. त्यांत कदाचित् शाळेची फी असेल, कदाचित् चार घरचीं भांडीं घासून मिळविलेला महिन्याचा पगार असेल. देवळाच्या पेटीपाशीं मात्र तो विचारावयास येत नाहीं. आणि आला तरी तिच्या कुलपाआड गेलेली नोट त्याची होती हें सांगणार कोण?

राहतां राहिली ती निव्वळ सुटी नोट. जिला पाकीट नाहीं, चिठ्ठी नाहीं, आणि आसपास विचारूनही जिचा कोणी धनी पुढें आला नाहीं, ती एका लिफाफ्यांत घालून वर तारीख व जागा लिहून ठेवावी. दोनतीन महिने लिफाफा तसाच राहिला, तर मग ती खुशाल देवाच्या पेटींत टाकावी.